कारावासातून परतलेल्या स्त्रिया आणि नेतृत्वाचे शिक्षण : सुरत परिसराच्या इतिहासातील काही धडे

प्रस्तावना

तुरुंगातून सुटून आलेल्या पुरुषाला त्याचे घर, त्याची जात-जमात आणि त्याचा मोहल्ला आज ना उद्या सामावून घेतो. स्त्रीच्या बाबतीत असे घडत नाही. तिच्या शिक्षेचे कारण काहीही असो, ती निर्दोष सुटलेली असो वा शिक्षा भोगून आलेली असो, 'जेलमध्ये राहून आलेली बाई' हीच तिची ओळख उरते. अनेकदा माहेर तिला घेत नाही आणि सासर तर तिला आधीच सोडून मोकळे झालेले असते. अशा स्त्रीला शिवणयंत्र द्यावे, पापड-लोणच्याचे प्रशिक्षण द्यावे, एवढ्यावर आपल्या पुनर्वसनाच्या योजना सहसा थांबतात. तिला नेतृत्वाचे शिक्षण द्यावे, म्हणजे स्वतःबद्दल आणि आपल्यासारख्या इतरांबद्दल चारचौघांत बोलण्याची, कागद वाचण्याची, सभा चालविण्याची, हिशेब ठेवण्याची आणि निर्णय घेण्याची क्षमता तिच्यात यावी, हा विचार नवा वाटतो.

परंतु तो नवा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो भारतीय स्त्रिया तुरुंगात गेल्या आणि परत आल्या. त्यांपैकी अनेकींनी परतल्यावर संस्था उभ्या केल्या, इतर स्त्रियांना तयार केले आणि सार्वजनिक जीवनात आपले स्थान मिळविले. या घडामोडींचे एक महत्त्वाचे केंद्र सुरत जिल्हा हे होते. प्रस्तुत लेखात सुरत परिसराशी निगडित हा इतिहास थोडक्यात मांडून, त्या स्त्रियांना परतीची वाट का सापडली आणि आजच्या स्त्री-बंद्यांना ती का सापडत नाही, या प्रश्नाचा विचार केला आहे. कम्युनिटी कॉलेजात शिकविणाऱ्या अध्यापकांसमोर हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही, हेही शेवटी दाखविण्याचा प्रयत्न आहे.

१९१३ : एका निकाहाचा प्रश्न आणि स्त्रियांचा पहिला कारावास

या इतिहासाची सुरुवात सुरतेत नव्हे, तर सुरतेतून गेलेल्या माणसांच्या वस्तीत, दक्षिण आफ्रिकेत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रांदेर, कठोर आणि आसपासच्या गावांतून अनेक मुस्लिम व्यापारी नाताळ व ट्रान्सवालमध्ये स्थायिक झाले होते. ट्रान्सवालच्या सत्याग्रहात पुढे राहिलेले अहमद मुहंमद काछलिया हे याच सुरत भागातील होते. त्यांनी स्वतः कारावास पत्करला होता, पण तोवर तुरुंगात जाणे हे पुरुषांचेच काम मानले जात होते.

मार्च १९१३ मध्ये ही स्थिती पालटली. हसन इसप नावाच्या गृहस्थाची पत्नी बाई मरियम हिला देशात प्रवेश देण्याच्या खटल्यात केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निर्णय दिला, की ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे त्या धर्माच्या पद्धतीने झालेला विवाह कायद्याने मान्य होऊ शकत नाही. या एका निर्णयाने मुस्लिम, हिंदू आणि पारशी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने 'पत्नी' राहिल्या नाहीत. त्यांच्या मुलांचा वारसाहक्कही धोक्यात आला. म्हणजे ज्या लढ्यात भारतीय स्त्रिया प्रथमच समूहाने तुरुंगात गेल्या, त्याच्या मुळाशी एका मुस्लिम स्त्रीच्या निकाहाचा प्रश्न होता. आपल्या अभ्यासक्रमांत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून निघालेल्या सोळा जणांच्या तुकडीत चार स्त्रिया होत्या. कस्तुरबा, जयकुंवर, काशीबेन आणि संतोकबेन अशी त्यांची नावे. त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच महिन्यात दरबानच्या फातमा महेताब आपली आई हनीफाबाई आणि सात वर्षांचा मुलगा यांना घेऊन निघाल्या. मायलेकींना अटक झाली. चौकीवर बोटांचे ठसे मागितले असता फातमाबाईंनी ते देण्यास निर्भयपणे नकार दिला, अशी नोंद गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात केली आहे. त्यांनाही तीन महिन्यांची शिक्षा झाली. तमिळ स्त्रियांपैकी वल्लिअम्मा ही अवघी सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून आजारी होऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने एकपत्नीक भारतीय विवाहांना मान्यता मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या स्त्रियांचे स्वागत झाले, त्यांच्या धैर्याची प्रशंसा झाली, परंतु सुटकेनंतर त्यांच्यासाठी काही काम, काही संस्था उभी राहिली नाही. कस्तुरबांचे जीवन पुढे सार्वजनिकच राहिले. फातमाबाई आणि हनीफाबाई मात्र त्या एका परिच्छेदानंतर इतिहासातून नाहीशा होतात. धैर्याला सन्मान मिळाला, तरी नेतृत्वाला लागणारी पुढची पायरी तिथे नव्हती.

सुरत जिल्हा : बारडोली ते धारासणा

ही पायरी सुरत जिल्ह्यात तयार झाली. १९२८ च्या बारडोली सत्याग्रहात सरकारने शेतसाऱ्यात केलेल्या सुमारे २२ टक्के वाढीला शेतकऱ्यांनी विरोध केला. वल्लभभाई पटेल यांनी आखलेल्या रचनेत छावण्या, पत्रके, सभा आणि घरोघरी भेटी यांना महत्त्व होते. मिठूबेन पेटिट, भक्तिबा देसाई, मणिबेन पटेल यांसारख्या स्त्रिया गावोगाव फिरून शेतकरी स्त्रियांच्या सभा घेत. मुस्लिम खातेदारांमध्ये काम करण्यासाठी साबरमती आश्रमातील इमाम अब्दुल कादिर बावझीर आणि बडोद्याचे माजी न्यायाधीश अब्बास तय्यबजी आले होते. जप्तीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे दार बंद ठेवायचे, गुरेढोरे आत घेऊन महिनोन्महिने घरात कोंडून घ्यायचे, हे प्रत्यक्षात स्त्रियांनाच करावे लागे. पुढे ब्रूमफिल्ड-मॅक्सवेल चौकशीने ही वाढ ६.०३ टक्क्यांवर आणली. बारडोलीत स्त्रिया मोठ्या संख्येने तुरुंगात गेल्या नाहीत, पण संघटित काम कसे चालते याचा सराव त्यांना तिथे मिळाला.

दोन वर्षांनी त्याच जिल्ह्यात मिठाचा सत्याग्रह झाला. दांडी, कराडी, धारासणा ही सारी ठिकाणे तेव्हाच्या सुरत जिल्ह्यात होती, आज ती नवसारी आणि वलसाड जिल्ह्यांत येतात. दांडीयात्रेच्या तुकडीत स्त्रियांना घेतले नव्हते आणि याबद्दल अनेक स्त्रियांनी नाराजी व्यक्त केली होती. एप्रिल १९३० मध्ये दांडी येथे स्त्रियांची परिषद भरली. दारू-ताडीची दुकाने आणि परदेशी कापडाची दुकाने यांवरील पिकेटिंग स्त्रियांनी हाती घ्यावे, असे तिथे ठरले. या कामाचे संघटन करण्यात मिठूबेन पेटिट अग्रभागी होत्या. मुंबईच्या एका सुखवस्तू पारशी घराण्यातील ही स्त्री जाडीभरडी खादी नेसून ताडीच्या गुत्त्यासमोर उभी राहते, हे दृश्य दक्षिण गुजरातेला नवे होते. अब्बास तय्यबजींच्या घरातील स्त्रियाही या कामात उतरल्या.

गांधीजींच्या अटकेनंतर धारासणा येथील मिठागरावरील मोर्चाचे नेतृत्व ७६ वर्षांच्या अब्बास तय्यबजींकडे आले. १२ मे १९३० रोजी त्यांना अटक झाल्यावर ते सरोजिनी नायडूंकडे गेले. २१ मे रोजी धारासण्यात जो लाठीमार झाला त्याचे वर्णन वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने जगभर पोहोचविले. इमाम बावझीर त्या दिवशी पुढच्या फळीत होते. त्यांची कन्या आमिनाबेन कुरेशी यांनीही पुढे कारावास भोगला. सविनय कायदेभंगाच्या काळात देशभरात १७ हजारांवर स्त्रिया तुरुंगात गेल्याचा आकडा इतिहासग्रंथांत वारंवार येतो. गुजरात हे त्यातील एक प्रमुख क्षेत्र होते.

तुरुंगातील शाळा

या स्त्रियांना साबरमती, येरवडा, आर्थर रोड अशा कारागृहांत ठेवले जाई. राजकीय बंद्यांची अ, ब, क अशी वर्गवारी झालेली होती. नामांकित घरांतील स्त्रियांना वरचा वर्ग आणि खेड्यातील स्त्रियांना 'क' वर्ग, असे सर्रास होई. तरीही बराकीत एकत्र राहिल्यामुळे काही गोष्टी घडल्या. साक्षर स्त्रियांनी निरक्षरांना वाचायला शिकविले. गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या स्त्रिया एकमेकींच्या भाषा शिकल्या. सूतकताई, प्रार्थना, वाचन, चर्चा यांचे वेळापत्रक ठरले. एरवी सासूच्या परवानगीशिवाय उंबरा न ओलांडणाऱ्या स्त्रीला जेलरसमोर आपल्या बराकीची तक्रार मांडावी लागली, कधी उपोषणाचा निर्णय घ्यावा लागला.

याला कोणी 'नेतृत्व प्रशिक्षण' म्हटले नव्हते, परंतु आज आपण त्या शब्दाने ज्या गोष्टी ओळखतो त्यातील बहुतेक येथे होत्या. समूहात निर्णय घेणे, प्रतिनिधित्व करणे, नियम समजून घेणे, सत्तेशी न घाबरता व न अरेरावी करता बोलणे, आपल्यापेक्षा दुर्बल सहकारिणीची काळजी घेणे, हे सारे त्यात आले. मात्र यावरून कारावास हाच शिक्षण देतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शिक्षण दिले ते सोबतीने आणि कामाच्या शिस्तीने. तुरुंग हे केवळ त्याचे स्थळ होते.

अवंतिकाबाई गोखले यांचे उदाहरण हे स्पष्ट करते. १९१७ मध्ये त्या चंपारणमधील शाळेत काम करून आल्या होत्या आणि १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत हिंद महिला समाजाची स्थापना केली होती. त्याच वर्षी त्यांनी लिहिलेले गांधीजींचे मराठी चरित्र लोकमान्य टिळकांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. पुढे त्या मुंबई महापालिकेतही गेल्या. १९३० मध्ये तुरुंगात गेल्या तेव्हा त्यांच्यामागे एक चालती संस्था होती. सुटून आल्या तेव्हा त्या संस्थेतच परत आल्या. त्यांची खुर्ची रिकामी ठेवली गेली होती, असे म्हणता येईल. आजच्या स्त्री-बंद्यांच्या परिस्थितीशी तुलना करताना हा मुद्दा निर्णायक ठरतो.

घरी परतल्यावर : मरोली, अहमदाबाद, सासवड

चळवळ ओसरली आणि हजारो स्त्रिया घरी आल्या. आता त्यांचे काय? काही घरांनी त्यांना अभिमानाने घेतले. काही घरांत मात्र रस्त्यावर उभी राहिलेली, परपुरुषांसमोर बोललेली, कोठडीत राहिलेली सून पुन्हा चुलीपाशी बसेल का, अशी शंका होती. खुद्द त्या स्त्रियांनाही पूर्वीचे जीवन अपुरे वाटू लागले होते. या पेचाला तीन ठिकाणी मिळालेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर सुरत जिल्ह्यातील मरोली येथील. मिठूबेन पेटिट यांनी तेथे कस्तुरबांच्या नावाने विणकामाची शाळा सुरू केली व तिचा पुढे कस्तुरबा सेवाश्रम झाला. आदिवासी, दलित आणि मच्छीमार कुटुंबांतील मुला-मुलींना तेथे कताई, विणकाम, शिवण आणि अक्षरओळख शिकविली जाई. नंतर तेथे दवाखाना आणि मनोरुग्णांसाठी उपचारकेंद्रही झाले. मिठूबेन १९७३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तेथेच राहिल्या. पिकेटिंगच्या काळात ज्या घरांतील पुरुषांना त्या दारू सोडा म्हणत होत्या, त्याच घरांतील मुलांना हाताला काम देणे ही त्या सत्याग्रहाची स्वाभाविक पुढची पायरी होती.

दुसरे उत्तर अहमदाबादचे. मृदुला साराभाई १९३० मध्ये, एकोणीस वर्षांच्या असताना, प्रथम तुरुंगात गेल्या. १९३४ मध्ये त्यांनी सहकारिणींसह ज्योति संघाची स्थापना केली. चळवळीमुळे घराबाहेर आलेल्या स्त्रीने पुन्हा घरात बंद होऊ नये, तिला मिळकत, शिक्षण आणि अन्यायाविरुद्ध आधार मिळावा, ही त्यामागची दृष्टी होती. उद्योगशिक्षणाबरोबर छळ, टाकून देणे, फसवणूक यांविषयीच्या स्त्रियांच्या तक्रारी हाताळण्याचे काम संघाने घेतले. अशा स्त्रियांना राहण्यास जागा हवी हे लक्षात आल्यावर पुष्पाबेन मेहता यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये विकास गृह सुरू झाले. काम, कायदा आणि निवारा या तिन्हींची साखळी येथे प्रथमच जोडली गेली. घरगुती तंटा सोडविण्यासाठी पंचासमोर बसणारी स्त्री ही आता याचिका घेऊन येणारी नव्हती, तर निवाडा करणारी होती. हा बदल लहान नाही.

तिसरे उत्तर महाराष्ट्रातील. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेत कस्तुरबांचे निधन झाले. तीस वर्षांपूर्वी याच तारखेला वल्लिअम्मा वारली होती. कस्तुरबांच्या स्मरणार्थ जमलेला निधी २ ऑक्टोबर १९४४ रोजी सेवाग्राम येथे गांधीजींना अर्पण करण्यात आला. हा पैसा खेड्यातील स्त्रिया व मुले यांच्यासाठीच खर्च व्हावा आणि काम शक्यतो स्त्रियांनीच चालवावे, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्रातील जबाबदारी प्रेमाबाई कंटक यांच्याकडे आली. १९२९ मध्ये साबरमतीला गेलेल्या, अनेकदा कारावास भोगलेल्या, 'सत्याग्रही महाराष्ट्र' या ग्रंथाच्या लेखिका असलेल्या प्रेमाबाईंनी सासवड येथून ग्रामसेविका तयार करण्याचे काम केले. आरोग्य, प्रसूतिसेवा, बालवाडी, खादी आणि हिशेब असे या शिक्षणाचे स्वरूप होते. विधवा, परित्यक्ता, अल्पशिक्षित अशा स्त्रियांना त्यातून गावात मानाचे स्थान मिळाले. कारावासातून आलेली शिक्षिका आणि समाजाने बाजूला टाकलेली विद्यार्थिनी, असा हा संयोग होता.

दुर्गाबाई देशमुख : गजांआड सापडलेला प्रश्न

वरील सर्व स्त्रिया राजकीय बंदी होत्या. त्याच तुरुंगांत दुसऱ्या बराकीत खून, चोरी, भ्रूणहत्या अशा आरोपांखाली डांबलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. सत्याग्रही स्त्रियांच्या आठवणींत त्या बहुधा सावलीसारख्या येतात. कधी त्यांच्याबद्दल कणव दिसते, कधी त्यांच्यापासून आपण वेगळ्या आहोत हे सांगण्याची घाई दिसते. राजकीय बंद्यांनी आपल्यासाठी मिळविलेल्या सवलती या स्त्रियांपर्यंत पोहोचल्या नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

या बाबतीत दुर्गाबाईंचा अनुभव वेगळा आहे. मिठाच्या सत्याग्रहात मद्रास प्रांतात त्यांना कारावास झाला. मदुराईच्या तुरुंगात एकांतवासही भोगावा लागला. तेथे भेटलेल्या निरक्षर स्त्री-कैद्यांपैकी अनेकींना आपल्यावरील आरोप काय, कायदा काय, बचाव कसा करावा हे काहीच ठाऊक नव्हते. या स्त्रियांसाठी आपण वकील व्हायचे, असे दुर्गाबाईंनी ठरविले. तोवर त्यांची स्वतःची मॅट्रिकही झालेली नव्हती. सुटकेनंतर त्यांनी खासगीरीत्या मॅट्रिक केले, विद्यापीठीय पदव्या घेतल्या आणि मद्रासमध्ये वकिली केली. १९३७ मध्ये त्यांनी आंध्र महिला सभा स्थापन केली. पुढे त्या संविधान सभेच्या सदस्य झाल्या.

१९५३ मध्ये त्यांचा विवाह चिंतामणराव देशमुखांशी झाला आणि त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मंडळाने सुटकेनंतरच्या देखभालीचा विचार करण्यासाठी डॉ. म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू झाले. ज्या स्त्रीची शाळा लग्नामुळे, वैधव्यामुळे वा संकटामुळे सुटली तिला थोड्या काळात परीक्षेस बसवून परिचारिका, बालसेविका, शिक्षिका अशा कामांसाठी पात्र करणे, हा त्यांचा हेतू होता. शिक्षणाची दुसरी संधी देणाऱ्या आजच्या कम्युनिटी कॉलेजांची ही एक पूर्वपीठिका आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. आणि तिची एक मुळी मदुराईच्या तुरुंगात आहे.

सामान्य स्त्री-बंदी : न्यायालय, समित्या आणि वास्तव

स्वातंत्र्यानंतर राजकीय बंद्यांची वाट मोकळी झाली, सामान्य स्त्री-बंद्यांची झाली नाही. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्यावर फेब्रुवारी १९८३ मध्ये न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, महिला पोलिसांची देखरेख आणि कायदेविषयक मदत यांविषयी आदेश दिले. त्या प्रकरणात न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहास भेट देऊन वस्तुस्थिती पाहण्यास सांगितले होते. महाविद्यालय हे न्यायाच्या कामात सहभागी होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. त्याच सुमारास न्यायमूर्ती मुल्ला समितीने आणि १९८७ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर समितीने स्त्री-बंद्यांच्या सुटकेनंतरच्या प्रश्नांकडे लक्ष वेधले. १९९० मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे काम मुंबईत सुरू झाले. २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईबरोबर कारागृहात राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांविषयी निर्देश दिले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत २३,७७२ स्त्रिया होत्या. एकूण बंद्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्के. त्यांपैकी १,५३७ स्त्रियांजवळ १,७६४ मुले होती. बहुसंख्य स्त्रिया न्यायाधीन, म्हणजे अद्याप दोषी न ठरलेल्या होत्या. संख्या कमी असल्यामुळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. पुरुषांसाठी कार्यशाळा, ग्रंथालय, वर्ग असतात आणि स्त्री-विभागाच्या वाट्याला त्यातले उरलेसुरले येते. टाटा समाजविज्ञान संस्थेने महाराष्ट्रातील कारागृहांतील मुस्लिम बंद्यांचा केलेला अभ्यासही आपल्या समाजाला याच दिशेने विचार करावयास लावतो. दारिद्र्य, अर्धवट शिक्षण आणि कायदेविषयक मदतीचा अभाव ही साखळी तेथे दिसते.

इतर देशांतही हा प्रश्न आहे. लॉस एंजेलिसमध्ये सुसान बर्टन यांनी वारंवार तुरुंगवास भोगल्यावर १९९८ मध्ये सुटून येणाऱ्या स्त्रियांसाठी एक घर उघडले. तेथे निवाऱ्याबरोबर, स्वतःच्या अनुभवाच्या आधारे कायदे व धोरणे बदलण्यासाठी बोलण्याचे शिक्षणही दिले जाऊ लागले. आधी घर आणि मग व्यासपीठ, हा त्यांचा क्रम ज्योति संघ व विकास गृहाच्या अनुभवाशी जुळतो.

इतिहासाची कसोटी आणि आपले काम

सत्याग्रही स्त्रिया परतून नेत्या झाल्या आणि आजच्या स्त्री-बंदी परतून गप्प होतात, याचे कारण केवळ 'त्या देशासाठी गेल्या, या गुन्ह्यासाठी' असे देणे सोपे आहे. ते पूर्ण उत्तर नाही. फातमाबाई महेताब याही न्याय्य लढ्यासाठीच गेल्या होत्या, तरी त्यांच्यापुढे वाट नव्हती. वरील इतिहासातून चार गोष्टी वेगळ्या काढता येतात.

एक, स्वागत. परतणाऱ्या स्त्रीला कोणीतरी दारात घ्यावयास आले पाहिजे. दोन, सोबत. आत असतानाच शिकण्याची व एकमेकींना शिकविण्याची सवय लागली पाहिजे. तीन, संस्था. सुटल्यावर जाता येईल अशी आणि तिची वाट पाहणारी एखादी जागा हवी. चार, जबाबदारी. तिला केवळ लाभार्थी न ठेवता दुसऱ्यांसाठी काही करण्याचे काम सोपविले पाहिजे. मरोलीत चारही होत्या. आज आपण बहुतेक वेळा तिसऱ्याचा एक तुकडा देतो आणि चौथ्याचा विचारही करीत नाही.

सुरत शहराचे उदाहरण घेऊ. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी भाषक कुटुंबे राहतात, त्यांत मुस्लिम कुटुंबेही आहेत. यंत्रमाग, साडीवरील टिकली-जरीचे घरकाम, हिऱ्यांचे कारखाने यांवर त्यांचा संसार चालतो. महापालिका गुजरातीबरोबर मराठी आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा चालविते. शहरालगत लाजपोर येथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि तेथे बंद्यांना हिरे घासण्याचे कामही दिले जाते. अशा वस्तीतील एखादी स्त्री त्या कारागृहातून सुटली, तर तिचे कागद गुजरातीत असतात, तिची भाषा मराठी किंवा उर्दू, आणि तिची माणसे कदाचित नंदुरबार वा धुळ्याकडे. तिच्या मुलांच्या शाळेचा दाखला, शिधापत्रिका, बँकेचे खाते, तारखेची नोटीस, यांपैकी प्रत्येक कागद तिला नव्याने परावलंबी करतो.

येथे कम्युनिटी कॉलेजचा अध्यापक काय करू शकतो? कम्युनिटी कॉलेजची कल्पना आपल्याकडे १९९५ नंतर रुजली ती मुळात शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २०१० पासून बंद्यांना विनाशुल्क प्रवेश दिला आहे. म्हणजे आत सुरू झालेला अभ्यास बाहेर आल्यावर पूर्ण करण्याची सोय कागदावर तरी आहे. मधला दुवा आपण होऊ शकतो. सुटण्यापूर्वीच तिच्याशी संपर्क, प्रवेशासाठी जन्मतारखेच्या दाखल्यावाचून अडवणूक न करणे, आरोपाविषयी वर्गात विचारणा न करणे, आणि पहिल्या सत्रापासून अर्ज लिहिणे, सभेचे इतिवृत्त ठेवणे, बचतगटाचा हिशेब, माहितीच्या अधिकाराचा वापर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्याची पद्धत अशा गोष्टी शिकविणे, यांसाठी मोठा निधी लागत नाही. पुढच्या वर्षी त्याच स्त्रीने नव्याने आलेल्या स्त्रीला हे शिकवावे, अशी व्यवस्था केली की नेतृत्वाचे शिक्षण सुरू झाले असे समजावे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. तिला आपली कथा व्यासपीठावर सांगण्यास भाग पाडणे म्हणजे नेतृत्व नव्हे. सत्याग्रही स्त्रीला आपला तुरुंगवास मिरविता येत होता, या स्त्रीला तो विसरण्याचाही हक्क आहे. बोलायचे की नाही, हा निर्णय तिने स्वतः घेणे हाच तिच्या नेतृत्वाचा पहिला धडा ठरेल.

समारोप

बाई मरियमच्या निकाहाला कायद्याने नाकारले तेव्हा इतर स्त्रियांनी तो आपला प्रश्न मानला, म्हणून फातमाबाई आणि कस्तुरबा एकाच वर्षी, एकाच लढ्यात तुरुंगात गेल्या. त्यानंतरच्या पिढीने सुरत जिल्ह्याच्या खेड्यांत आणि अहमदाबाद-सासवडच्या संस्थांत परतणाऱ्या स्त्रीसाठी जागा निर्माण केली. दुर्गाबाईंनी तोच प्रश्न राजकीय बंद्यांच्या बराकीपलीकडे नेला. यापुढचे काम अपुरे राहिले आहे. लाजपोर किंवा येरवड्याच्या फाटकातून बाहेर पडणारी स्त्री ज्या रस्त्याने घरी जाते, त्या रस्त्यावर आपल्यापैकी अनेकांची महाविद्यालये आहेत. त्यांचे दार तिच्यासाठी उघडे आहे काय, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने आपल्या पुढील वर्षाच्या नियोजनाच्या सभेत विचारला, तरी या अभ्यासाचा हेतू सफल होईल.